एका दाराची साक्ष

१९४७ साली अमेरिकेत शेवरोलेने नव्या घडणीचे पिकअप ट्रक आणले. १९५५ च्या आरंभापर्यंत त्यांचा तोंडवळा फारसा बदलला नाही. म्हणून साल ओळखायचे ते बारीक खुणांवरून. दारातली उघडणारी त्रिकोणी काच १९५१ पासूनची. फिरवायच्या मुठीऐवजी बटणाची मूठ आली १९५२ मध्ये. दोन तुकड्यांची समोरची काच १९५४ मध्ये अखंड झाली, पुढची जाळीही बदलली.

पण शेतावर राबलेल्या गाडीला मोडक्या दाराऐवजी दुसऱ्या सालच्या गाडीचे दार बसलेले असू शकते. म्हणून एकाच खुणेवर निकाल देऊ नये. आणि केवळ साल जुळावे म्हणून ते दार काढले, तर गाडीच्या कष्टांचा पुरावाच पुसला जातो.