साठ कुत्री आणि आपली जीवदया



परवा आमच्या सोसायटीतल्या एका मुलाच्या पोटरीला रस्त्यावरच्या पिल्लाचा दात लागला. आजींनी हळद भरली. "रोज आपल्याच हातची पोळी खातं, ते कशाला पिसाळलेलं असेल!" विषय संपला. तो मी संपू दिला नाही.

त्यावरून १९२६ सालची अहमदाबादची हकीकत सांगावीशी वाटते, कारण ती आपल्याच घरातली आहे. गिरणीमालक अंबालाल साराभाई जैन घराण्यातले. गिरणीच्या आवारात फिरणारी साठ भटकी कुत्री त्यांनी मारवली. शहर खवळलं. तिथल्या जीवदया संस्थेने गांधीजींना पत्र लिहून जाब विचारला. उत्तरादाखल गांधीजींनी 'यंग इंडिया'त लेखमालाच लिहिली. हिंसा ती हिंसाच, पण आपल्यासारख्या अपुऱ्या माणसांपुढे पिसाळलेलं कुत्रं मारण्यावाचून इलाज नाही, असं त्यांनी म्हटलं. सिव्हिल हॉस्पिटलचे आकडेही छापले: १९२५ या एका वर्षात १११७ रुग्ण.

मला बोचलं ते पुढचं. भुकेल्या कुत्र्यापुढे तुकडा टाकून निघून जाणं हा त्याचा अपमान आहे, खरी दया असेल तर त्याची जबाबदारी घ्या, असं ते म्हणाले. आपल्या लोकांनी त्यांना संतापाची पत्रं लिहिली. मारण्याशी मी आजही सहमत नाही. पण तुकड्याचं खरं आहे, मीही तेच करत आले.

त्या काळी कुत्रा चावलेल्या माणसासाठी लस होती. पाश्चरने १८८५ मध्ये जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला ती पहिल्यांदा दिली, सशाच्या वाळवलेल्या मज्जारज्जूपासून केलेली. आपल्याकडे १९०० मध्ये कसौलीला संस्था निघाली. तिथे सेंपल यांनी केलेली लस मेंढीच्या मेंदूपासून बनायची. पोटात चौदा सुया म्हणतात त्या याच, आणि त्या या शतकाच्या सुरुवातीपर्यंत चालू होत्या. म्हणजे कुत्रं वाचवा म्हणणाऱ्याचं मूलही मेंढीच्या जिवावर वाचत होतं. आताची लस पेशींवर वाढवतात, दंडात देतात.

रोग मात्र तोच आहे. लाळेतला विषाणू नसांमधून हळूहळू मेंदूकडे चढतो, कधी काही आठवडे, कधी महिने. तोवर लस त्याला गाठू शकते. एकदा पाण्याचा घोट घशात अडकू लागला, वाऱ्याची झुळूक सोसेना झाली, की डॉक्टरांच्या हातात जवळजवळ काहीच उरत नाही. कुत्र्याचे हालही तेच: जबडा लोंबतो, गिळता येत नाही, आठ-दहा दिवसांत तडफडून जातं. त्याने चावलेली गाय सुद्धा तशीच जाते. म्हणून हळद, चुना, तिखट काही नको. नळाखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना. रक्त आलं असेल तर जखमेत सिरमही लागतं, ते मागून घ्या.

साराभाईंच्या वेळी कुत्र्यांनाच सरसकट टोचणं शक्य नव्हतं. आज आहे. गोव्यात वर्षानुवर्षं गल्लीगल्लीतून कुत्र्यांना लस टोचली आणि माणसांचे बळी थांबत आले.

मुलाची दोन इंजेक्शनं झालीत. भिशीच्या पैशांतून येत्या रविवारी आमच्या गल्लीतल्या अकरा कुत्र्यांसाठी डॉक्टर येणार आहेत. आजींनी वर्गणी दिली, पण दोनदा विचारून झालं, "सुई दुखेल का रे त्यांना?"