बसऱ्याला गेलेला शिपाई: दोन बिल्ले, एक नोंदवही आणि एक फेरफार

आजचा थ्रेड जरा घरगुती आहे आणि लांबही आहे. सवडीने वाचावा.

आमच्या सातारा जिल्ह्यातील घरी एका ट्रंकेच्या तळाशी फडक्यात गुंडाळलेले दोन काशाचे बिल्ले होते. एक ताऱ्याच्या आकाराचा, दुसरा गोल आणि त्यावर पंख पसरलेली एक स्त्री. त्यांच्याविषयी घरात एवढेच सांगितले जाई की आजोबांचे एक चुलत आजोबा बसऱ्याला गेले आणि परतले नाहीत. 'बसरा' म्हटले की आपल्याकडे मोती आठवतात, त्यामुळे लहानपणी मला ते व्यापारी असावेत असे वाटे. कोणी म्हणे लढाईत गेले, कोणी म्हणे पलटणीतून पळाले, तर कोणी तिकडेच दुसरा संसार थाटला असेही हसत सांगे. त्यांच्या पत्नीने मात्र अखेरपर्यंत, म्हणजे १९६१ पर्यंत, कुंकू लावले. आजोबा त्यांना 'धाकटी आजी' म्हणत.

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षी मी हे बिल्ले भिंगाखाली धरले. आपल्यापैकी कुणाच्या घरी अशी वस्तू असेल तर ती आधी घासूनपुसून चकचकीत करू नका. तिची कड आणि पाठ वाचा. पहिल्या महायुद्धातील पदकांवर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असे. गोल पदकावर हा मजकूर कडेवर असतो, ताऱ्यावर पाठीमागे. आमच्या बिल्ल्यांवर पलटण होती ११७ वी मराठा. पलटण कळणे फार महत्त्वाचे, कारण त्या काळी शिपायाचे क्रमांक पलटणीपुरतेच असत आणि एकच क्रमांक निरनिराळ्या पलटणींत निरनिराळ्या माणसांना मिळालेला असे.

या जोडीत तिसरेही पदक असायला हवे होते, चांदीचे. ते कुणाच्या तरी लग्नात जोडव्यांसाठी सोनाराकडे गेले. काशाला सोनार विचारीत नाही, म्हणून हे दोन उरले. पुराव्याचे टिकणे असे पुष्कळदा धातूच्या भावावर अवलंबून असते.

ताऱ्याने आणखी एक गोष्ट सांगितली. १९१४-१५ चा तारा हा ३१ डिसेंबर १९१५ पूर्वी रणभूमीवर पोहोचलेल्यांनाच मिळे. म्हणजे आमचा शिपाई उशिराच्या भरतीतला नव्हता. पण केवळ पदकावरून माणूस जगला की मेला ते कळत नाही. जिवंत परतलेल्यालाही तीच पदके मिळत आणि मृताच्या वारसालाही तीच.

आता पलटणीकडे वळू. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, सहाव्या डिव्हिजनमध्ये होत्या. या डिव्हिजनचे नावच 'पूना डिव्हिजन'. जनरल टाउनशेंडच्या हाताखाली ती १९१५ मध्ये तैग्रिस नदीच्या काठाने बगदादकडे सरकत गेली आणि २२ नोव्हेंबर रोजी टेसिफॉन येथे तुर्की फौजेला भिडली. जवळच सासानी राजांची प्रचंड कमान उभी होती. ती आजही आहे. त्या लढाईत टाउनशेंडचे साडेचार हजारांहून अधिक लोक ठार, जखमी वा बेपत्ता झाले. माघार घेताना जखमींना बिनस्प्रिंगच्या गाड्यांतून नदीपर्यंत नेण्यात आले आणि नंतर बोटींवर ज्या अवस्थेत ठेवण्यात आले, त्याचे वर्णन पुढे चौकशी आयोगापुढे आले तेव्हा ब्रिटनमध्ये गदारोळ झाला. उरलेले सैन्य कुत अल अमारा येथे ७ डिसेंबर १९१५ पासून वेढ्यात अडकले आणि २९ एप्रिल १९१६ रोजी शरण गेले. शरण गेलेले सुमारे तेरा हजार. त्यांतील हिंदी शिपायांपैकी अनेकांना रास अल ऐनच्या छावणीत रेल्वेच्या कामाला जुंपण्यात आले. बंगाल अँब्युलन्स कोअरमधील शिशिर सर्वाधिकारी यांनी 'अभि ले बगदाद' या बंगाली पुस्तकात ती कैद लिहून ठेवली आहे.

पलटणीची युद्ध-दैनंदिनी हा नेहमीचा पहिला दस्तऐवज. या दैनंदिन्या लंडनजवळ क्यू येथील नॅशनल आर्काइव्हजमध्ये आहेत. त्या वाचताना एक गोष्ट लवकरच बोचू लागते. ब्रिटिश अधिकारी जखमी झाला तर त्याचे नाव येते, सुभेदार-जमादाराचे कधी येते, कधी नाही. शिपायांचा मात्र आकडा येतो. आमचा माणूस अशाच एखाद्या आकड्यात असणार.

नाव सापडले ते कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या नोंदींत. येथे शोधण्याची एक युक्ती सांगतो. आपल्या आडनावाचे आज आपण करतो ते इंग्रजी स्पेलिंग विसरा. कारकुनाने जे ऐकले ते त्याने लिहिले. 'मराठा' हा शब्दसुद्धा त्या काळी इंग्रजीत मध्ये 'एच' आणि दोन 'टी' घालून लिहीत. म्हणून नावाने शोधण्याऐवजी पलटण आणि तालुका यांनी शोधावे. शिपायांच्या पुष्कळ नोंदींत वडिलांचे किंवा पत्नीचे नाव, गाव, तालुका आणि जिल्हा दिलेला असतो. आमच्या गावाचे नाव इतके मोडले होते की मी तीनदा त्यावरून पुढे गेलो. वडिलांचे नाव जुळले तेव्हा थांबलो. मृत्यूचा दिनांक होता २२ नोव्हेंबर १९१५.

म्हणजे टेसिफॉनचा पहिलाच दिवस. येथे सावध राहावे लागते. लढाईत बेपत्ता झालेल्याला कागदोपत्री पुष्कळदा लढाईचाच दिनांक देत, त्यामुळे तो त्याच दिवशी कोसळला असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. पण पळाला नव्हता, हे नक्की. पळालेल्याचे नाव हुतात्म्यांच्या यादीत येत नाही, आणि त्याची पदकेही घरी येत नाहीत.

स्मृतिस्थळाच्या रकान्यात लिहिले होते: बसरा मेमोरियल. ज्यांची कबर माहीत नाही अशा मेसोपोटेमियातील चाळीस हजारांहून अधिक मृतांचे हे स्मारक १९२९ मध्ये शत अल अरबच्या काठी उभे राहिले. १९९७ मध्ये सद्दाम हुसेनच्या राजवटीत ते तेथून हलवून नासिरियाच्या रस्त्यावर वाळवंटात नेण्यात आले. त्यावर ब्रिटिश शिपायांची नावे कोरलेली आहेत आणि हिंदी अधिकाऱ्यांचीही आहेत. हिंदी शिपायांसाठी मात्र पलटणीच्या नावाखाली 'आणि इतर इतके हिंदी सैनिक' असा आकडा. नावे छापील नोंदवहीत होती, दगडावर नव्हती.

शिपाई हिंदू, त्यांचे दहन होते, मग कबर कोठून असणार, असा युक्तिवाद आपल्यातलेही काहीजण करतात. तो पुरेसा नाही. दहन झालेल्याचे नाव दगडावर कोरता येतेच. फ्रान्समधील नव शापेल येथील स्मारकावर, १९२७ मध्येच, हिंदी शिपायांची नावे कोरली गेली. इराकमध्ये अमारा येथील डाव्या तीरावरील हिंदी युद्ध-दफनभूमीत सुमारे पाच हजार सैनिकांचे स्मरण आहे आणि त्यांतील ओळख पटलेले फक्त नऊ, कारण दफनांच्या नीट नोंदी लष्कराने ठेवल्याच नाहीत. युरोपात येणारे-जाणारे लोक पाहणार होते, मेसोपोटेमियात कोण पाहणार, असा हा हिशेब होता असे माझे मत आहे. एप्रिल २०२१ मध्ये कमिशनच्याच विशेष समितीने कबूल केले की किमान १,१६,००० आणि कदाचित ३,५०,००० पर्यंत मृतांचे, मुख्यतः आफ्रिका व मध्यपूर्वेतील, नावानिशी किंवा मुळीच स्मरण केले गेले नाही.

आता मालमत्तेचा कागद. त्याच दिवशी मेलेल्या एखाद्या ब्रिटिश लेफ्टनंटचे मृत्युपत्र शोधायचे असेल तर इंग्लंडची प्रोबेटची वार्षिक सूची उघडावी. मृत्यूचे ठिकाण, वारस आणि मागे ठेवलेली रक्कम, सारे छापलेले मिळते. साताऱ्याच्या शिपायाचे प्रोबेट कोठे असणार? ते असते तलाठ्याच्या दप्तरात. मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्याने हक्कनोंदणी सुरू झाली आणि खातेदार वारला की वारसाची नोंद फेरफार रजिस्टरात होऊ लागली. पणजोबा-खापरपणजोबा शोधणाऱ्या प्रत्येकाने हे रजिस्टर पाहावे. जन्म-मृत्यूसाठी आपण कोतवाल बुक पाहतो, मीही आधी तेच पाहिले. त्यात १९१८ च्या ऑक्टोबरची पाने 'ताप' या एकाच शब्दाने भरलेली आहेत. तो इन्फ्लुएन्झाचा महिना. पण त्यात गावात झालेले मृत्यू असतात. टेसिफॉनला झालेला मृत्यू तेथे कसा येईल?

फेरफाराची नक्कल मिळायला अर्ज आणि दोन हेलपाटे लागले. मजकूर मोडीत, शाई फिकट. साल १९१७. खातेदार लढाईत मयत, एकत्र कुटुंब, वारस सख्खा भाऊ. खाली निशाणी डाव्या हाताचा अंगठा. तो अंगठा माझ्या खापरपणजोबांचा. आणि शेवटी अर्धी ओळ: मयताची बायको हयात, अन्नवस्त्र भावाकडे.

ही अर्धी ओळ मी बराच वेळ वाचत बसलो. कायद्याच्या दृष्टीने नोंदीत काहीच वावगे नव्हते. एकत्र कुटुंबातील पुरुष वारला की त्याचा हिस्सा उरलेल्या पुरुषांकडे जाई आणि विधवेला केवळ अन्नवस्त्राचा हक्क राही. विधवांना हिस्सा देणारा कायदा १९३७ चा, आणि तो आधीच्या मृत्यूंना लागू नव्हता. पण याचा दुसरा अर्थ असा की १९१७ मध्ये थोरल्या दिराला, तलाठ्याला आणि पंचांना तो मेल्याचे ठाऊक होते. धाकट्या आजीचे वय तेव्हा अठरा-वीस असावे. तिला कुणी सांगितले नाही, की सांगितल्यावर तिने मानले नाही? केशवपन, पांढरे लुगडे आणि घराचा एक कोपरा टाळण्यासाठी कुंकू राखणे, आणि त्याकडे घराने काणाडोळा करणे, हेही शक्य आहे. मला हा तिसरा तर्क अधिक पटतो. दिराने जमीन घेतली आणि तिचे कुंकू राहू दिले. आम्ही आज जी दोन एकर जिरायत कसतो, ती त्या अंगठ्याखालची.

आजोबांना मी नक्कल वाचून दाखवली. आमच्याकडे सर्वपित्रीला त्या शिपायाच्या नावाचे पान कधी वाढले नव्हते. घरात सवाशीण असताना तिच्या नवऱ्याचे श्राद्ध कसे घालणार? आणि ती गेल्यावर तो विषयच मिटला. आजोबांनी जमिनीविषयी एक शब्द काढला नाही. त्यांनी तिथी विचारली. मी पंचांग उलटे मोजून पाहिले, तर तो त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमाराचा दिवस निघाला. "म्हणजे ती दर साली त्याच वेळी देवळात दिवे लावायला जायची," असे म्हणून त्यांनी नक्कल घडी करून बिल्ल्यांच्या फडक्यात ठेवली.