लहरींवरील लढाई : सिल्वासा ते पणजी



टोकरखाड्यात मुक्तिसंग्रामाची आठवण निघाली की आपण शस्त्रांविषयी बोलतो. २२ जुलै १९५४ रोजी दादरा, २८ जुलैस नरोली आणि २ ऑगस्टला सिल्वासा मुक्त झाले. ११ ऑगस्टला कॅप्टन फिदाल्गो शरण आला. या संग्रामात पोर्तुगीजांचे दोन बिनतारी संच आपल्या हाती लागले. त्यांची कथा मात्र आपण क्वचितच सांगतो.

लहरींच्या युद्धाची मूलतत्त्वे तीन आहेत. शत्रूचे बोलणे ऐकणे, त्याचे बोलणे बंद पाडणे आणि आपले बोलणे चालू ठेवणे. रेडिओलहरींना सीमा नसते, हे तिचे बळ. पण दिशाशोधक यंत्राने प्रक्षेपकाचा ठाव लागतो आणि त्याच लहरींवर गोंगाट सोडून आवाज बुजविता येतो, हे तिचे वैगुण्य.

गोव्यात वृत्तपत्रांवर कडक नियंत्रण होते. तेव्हा निकोलाव मिनेझिस, वामन सरदेसाई व लिबिया लोबो यांनी याच दोन संचांपासून प्रक्षेपक सिद्ध केला. २५ नोव्हेंबर १९५५ रोजी आंबोलीच्या अरण्यातून गुप्त केंद्राचे प्रसारण सुरू झाले. पुढे ते कॅसलरॉकला हलविण्यात आले. कोकणी व पोर्तुगीज भाषांतून हे केंद्र सहा वर्षे बोलत राहिले. लिस्बनच्या प्रचाराला उत्तर देणे हे त्याचे मुख्य काम. त्यासाठी आधी प्रतिपक्षाचे म्हणणे कान देऊन ऐकावे लागे. पहिले आणि तिसरे तत्त्व असे एकाच झोपडीत नांदत होते.

दुसऱ्या तत्त्वाचा प्रत्यय १८ डिसेंबर १९६१ रोजी आला. भारतीय वायुसेनेच्या हंटर विमानांनी बांबोळीचे बिनतारी केंद्र उद्ध्वस्त केले. लिस्बनशी संपर्काची भिस्त आता मुरगाव बंदराबाहेरील ‘अफोन्सो द आल्बुकर्क’ या युद्धनौकेवर आली. त्याच दिवशी भारतीय नौदलाने तीही निकामी केली. राज्यपाल वासालो इ सिल्वा यांना वरिष्ठांशी विचारविनिमय करणे दुरापास्त झाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी शरणागती पत्करली, तेव्हा लिबिया लोबो व वामन सरदेसाई विमानातून ध्वनिक्षेपकाद्वारे गोमंतकीयांना स्वातंत्र्याची वार्ता देत होते.

आज इलेक्ट्रॉनिक युद्ध उपग्रह व संगणकांनी लढले जाते, रात्री पाहणाऱ्या दुर्बिणी अंधार भेदतात. साधने बदलली, तत्त्वे तीच राहिली. ज्याचा आवाज पोहोचतो, त्याचाच पक्ष लोकांसमोर उभा राहतो.

लिबियाताईंना २०२५ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी, पद्मश्री जाहीर झाली. त्या गौरवात आपल्या मातीतून गेलेल्या त्या दोन संचांचाही वाटा आहे, एवढे येथील विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे, ही विनंती.