प्राध्यापक सुहास पाटील : सिद्धान्त आणि उद्योग

संगणकविद्येच्या इतिहासात विद्यापीठ आणि उद्योग यांचा संबंध बहुधा एकाच रीतीने सांगितला जातो : सिद्धान्त विद्यापीठात जन्मास येतो व कारखानदार त्याचा उपयोग करून घेतो. सुहास पाटील यांच्या कारकिर्दीत सिद्धान्तकार स्वतःच उद्योजक झाला, आणि तोही कारखाना न बांधता.

पाटील यांचा जन्म १९४४ साली जमशेदपूर येथे झाला. औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले (१९५८) तेव्हा ते शाळकरी वयाचे होते. कानपूरच्या तंत्रज्ञान संस्थेत आय. बी. एम. १६२० हे यंत्र येण्यासही अद्याप पाच वर्षांचा अवकाश होता. खरगपूर येथून १९६५ मध्ये पदवी घेऊन ते अमेरिकेस गेले. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेने १९७० मध्ये त्यांना डॉक्टरेट दिली, व तेथेच ते अध्यापन करू लागले.

१९७१ मधील त्यांचे एक टिपण विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. एकाच वेळी चालणाऱ्या अनेक प्रक्रियांचा मेळ घालण्यासाठी डच शास्त्रज्ञ डायक्स्ट्रा यांनी ‘सेमाफोर’ ही कल्पना मांडली होती. ती सर्वत्र पुरेशी आहे काय, असा प्रश्न पाटील यांनी केला आणि उत्तरादाखल एक कूट रचले. तीन धूम्रपानी आहेत. एकापाशी तंबाखू, दुसऱ्यापाशी कागद, तिसऱ्यापाशी काड्या, तिन्ही अमर्याद. चौथा मनुष्य यांपैकी कोणत्याही दोन वस्तू मेजावर ठेवतो. उरलेली वस्तू ज्याच्यापाशी आहे, त्यानेच पुढे यावे. परंतु चौथ्याच्या वर्तनात बदल करावयाचा नाही व सशर्त विधानेही वापरावयाची नाहीत. हे साधणार नाही, असे पाटील यांनी पेट्री-जालांच्या आधारे प्रतिपादिले. डेव्हिड पार्नास यांनी १९७५ मध्ये त्यास हरकत घेतली : सेमाफोरांची मालिका वापरण्यास मुभा दिल्यास कूट सुटते; तेव्हा उणीव मूळ साधनात नसून घातलेल्या बंधनांत आहे. पार्नास यांचा आक्षेप सबळ आहे. तथापि कूट मात्र पाठ्यपुस्तकांत टिकून राहिले. प्रश्न नेमका मांडण्याचे श्रेय उत्तरावरील वादाने कमी होत नाही.

पुढे युटा विद्यापीठात त्यांचे लक्ष मंडलांच्या आराखड्याकडे वळले. चिपेवरील प्रत्येक घटक हाताने रेखाटणे दीर्घकाळाचे काम होते. वेल्च यांच्यासमवेत १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्यांनी तर्कमंडले व स्मृतिघटक एकाच नियमित जाळीत विणण्याची पद्धत मांडली. जाळी नियमित असल्यामुळे आराखडा जवळजवळ आज्ञावलीसारखा लिहिता येई आणि त्यावरून प्रत्यक्ष रेखाटन सिद्ध करण्याचे काम संगणकाकडे सोपविता येई.

या पद्धतीच्या बळावर १९८१ मध्ये सॉल्ट लेक सिटी येथे ‘पाटील सिस्टिम्स’ निघाली. चिपा घडविण्याच्या कारखान्यास प्रचंड भांडवल लागते. ते नवख्या प्राध्यापकास कोण देणार? आराखडा आपला आणि उत्पादन दुसऱ्याचे, ही वाटणी त्यामुळे सोयीची ठरली. आज ती या उद्योगात रूढ आहे. त्या काळी ती धाडसाची होती. १९८४ मध्ये कंपनी ‘सिरस लॉजिक’ या नावाने कॅलिफोर्नियात नव्याने उभी राहिली. व्यवस्थापनाची सूत्रे मायकेल हॅकवर्थ यांच्याकडे गेली. तबकडी-नियंत्रक चिपांनी तिचा जम बसविला, आणि १९८९ मध्ये तिचे भाग सार्वजनिक विक्रीस आले. सिलिकॉन व्हॅलीतील भारतीय उद्योजकांनी १९९२ मध्ये स्थापिलेल्या ‘टाय’ या संघटनेच्या संस्थापकांत पाटील अग्रभागी होते.