भट्टी आणि फाईल : चुडाव्याच्या रुळांवरील नोकऱ्या

पूर्णा आणि नांदेड यांच्या दरम्यान चुडावा हे परभणी जिल्ह्यातील लहानसे स्थानक आहे. १९०० च्या सुमारास निजामाच्या राज्यात मनमाड ते हैदराबाद हा मीटरगेज मार्ग टाकला गेला, त्याच्यावरच ते येते. सुगीवर जगणाऱ्या या मुलखाला दरमहा ठरलेला पगार देणारी जी मोजकी कामे होती, त्यांत रेल्वे हे मोठे नाव.

त्या काळी पांढरपेशा नोकरी इथल्या मराठी मुलापासून बरीच दूर होती. १८८४ पासून राज्यकारभारात फारसीची जागा उर्दूने घेतली होती. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच. कचेरीतला कारकून व्हायचे तर आधी परकी वाटणारी भाषा पचवावी लागे. फावडे धरायला तशी अट नव्हती. म्हणून रुळांवरच्या पहिल्या पिढीने घाम ‘निवडला’ असे म्हणणे धाडसाचे ठरेल.

१९१२ मध्ये हिंगोलीचा फाटा निघाला आणि पूर्णा जंक्शन बनले. वाफेच्या इंजिनावरची चढण ठरलेली असे : क्लीनर, फायरमन, शंटर, मग ड्रायव्हर. फायरमनचे काम म्हणजे नुसता कोळसा लोटणे, हा समज चुकीचा. भट्टीतला थर पातळ आणि सारखा राखायचा, पुढचा चढ ओळखून वाफ आधीच तयार ठेवायची आणि काचेच्या नळीतील पाण्यावर सतत नजर ठेवायची. पाणी फार खाली गेले तर भट्टीच्या छतातली शिशाची खुंटी वितळे. हे सारे हादरणाऱ्या इंजिनात, भट्टीच्या तोंडाशी उभे राहून. याला ‘डोके न लागणारे काम’ म्हणणाऱ्याने ते पाहिले नसावे.

हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाल्यावर चित्र पालटले. १९५० मध्ये नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले, १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ, तर १९७२ मध्ये परभणीला कृषी विद्यापीठ. पदवीधर वाढले, खुर्च्या मात्र तेवढ्या वाढल्या नाहीत.

म्हणूनच १९७४ हे वर्ष विलक्षण ठरते. त्या वर्षीच्या मराठवाडा विकास आंदोलनात सुशिक्षित तरुणांनी स्थानिकांना नोकऱ्या आणि मनमाडपासूनचा मार्ग ब्रॉडगेज करणे या मागण्या लावून धरल्या. हिंगोली फाट्यावरच्या वसमतला पोलीस गोळीबारात विद्यार्थ्यांचे बळी गेले.

त्याच वर्षी ८ मे रोजी, जॉर्ज फर्नांडिस यांच्या नेतृत्वाखाली, देशभरातील रेल्वे कामगार संपावर गेले. इंजिनावरच्या कर्मचाऱ्यांना कामाची दहा तासांची मर्यादा कबूल करून घेण्यासाठी आदल्याच वर्षी संप करावा लागला होता. २७ मे रोजी संप मागे घेण्यात आला, तोवर हजारो जण तुरुंगात गेले होते. एकीकडे नोकरी मिळावी म्हणून रस्त्यावर आलेले, दुसरीकडे मिळालेल्या नोकरीत माणसासारखे जगता यावे म्हणून लढणारे. त्या दोघांची गाठ फारशी पडली नाही, ही या इतिहासातील खरी रुखरुख.

ब्रॉडगेज १९९० च्या दशकात आले. पूर्णा–अकोला मार्ग तर २००८ मध्ये बदलला. पदवीधरांची मागणी पुरी झाली आणि कोळशाबरोबर फायरमनची विद्याही विझली. त्याच्या जागी आज सहायक लोको पायलट बसतो. त्या पदासाठी आयटीआय किंवा अभियांत्रिकीचे शिक्षण लागते, आणि त्याची पहिली परीक्षा संगणकासमोर बसून द्यावी लागते.