वर्ध्याहून चापिंगोस

आंदर मावळातून कुसूर घाटाने कोकणात उतरणाऱ्या वाटसरूच्या डोक्यावर कितीही ओझे असो, आपण कोठे पोहोचणार हे त्यास पक्के ठाऊक असते. अध्यापनासाठी परदेशी जाणारे आमचे आजचे विद्यार्थीही असेच निश्चिंत असतात. आधी अर्ज, मग नेमणूक, मग तिकीट, असा त्यांचा सरळ क्रम. पांडुरंग सदाशिव खानखोजे यांच्या प्रवासाचा क्रम याच्या अगदी उलट होता. या शतकाच्या नव्हे, गेल्या शतकाच्या पहिल्या दशकात हा वर्ध्याचा तरुण घराबाहेर पडला, तेव्हा त्यास अध्यापक व्हावयाचेच नव्हते. इंग्रजी राज्य उलथून पाडण्याची विद्या त्यास हवी होती.

तिच्या शोधात ते प्रथम जपानास व तेथून अमेरिकेस गेले. कॅलिफोर्नियात त्यांनी लष्करी शिक्षण घेतले आणि ऑरेगॉनमध्ये शेतकीचा अभ्यास केला. 1913 साली स्थापन झालेल्या गदर पक्षाच्या आद्य कार्यकर्त्यांत ते होते. 1914 साली महायुद्ध पेटताच ते तुर्कस्तानमार्गे इराणात शिरले व तेथील टोळ्यांबरोबर इंग्रजांशी लढले. जखमी झाले, पकडले गेले, निसटले. युद्धानंतर बर्लिन आणि 1921 साली मॉस्को, असे आणखी दोन मुक्काम झाले. पण हिंदुस्थानचे दार काही उघडले नाही. मायदेशी परतावे तर तुरुंग ठरलेला. तलवारीचा मार्ग असा सर्व बाजूंनी खुंटला, तेव्हा इतके दिवस पदरी असलेली दुसरी विद्या कामास आली.

मेक्सिको देशात 1910 साली क्रांती झाली होती व तिच्या मुळाशी जमिनीचा प्रश्न होता. तेथील रामोन दे नेग्री या मुत्सद्द्याशी खानखोजे यांचा कॅलिफोर्नियापासून परिचय होता. 1924 साली ते मेक्सिकोस पोहोचले आणि चापिंगो येथील राष्ट्रीय कृषिविद्यालयात अध्यापक झाले. ते विद्यालयही त्याच सुमारास एका जुन्या जहागिरीच्या वाड्यात येऊन बसले होते. जेथे कुळे राबत, तेथे कुळांची मुले शिकू लागली. घर सोडल्यापासून सुमारे अठरा वर्षांनी ही जागा त्यांस लाभली!

मका हे त्या देशाचे मुख्य अन्न. खानखोजे यांनी मक्याच्या संकरावर संशोधन केले. परंतु आम्हांस त्याहून मोलाचे वाटते ते त्यांचे दुसरे काम. कॉलेजपर्यंत येऊ न शकणाऱ्या शेतकऱ्यांसाठी त्यांनी ‘मुक्त कृषिशाळा’ काढल्या. दिएगो रिवेरा या थोर चित्रकाराने 1928 साली मेक्सिकोच्या शिक्षणखात्याच्या भिंतीवर एक चित्र रंगविले. त्यात गोरगरिबांच्या पंक्तीत बसून भाकरी वाटणारा जो पुरुष आहे, तो आमचा हा वर्ध्याचा माणूस होय.

स्वातंत्र्यानंतर ते मायदेशी परतले आणि 1967 साली नागपुरात वारले. त्यांची क्रांती फसली आणि नाइलाजाने ते शिक्षक झाले, असे कोणी म्हणेल. आम्हांस ते मान्य नाही. ज्या शेतकऱ्यासाठी त्यांनी बंदूक हाती घेतली, त्याच्याचसाठी पुढे खडू हाती घेतला. केवळ त्या शेतकऱ्याची भाषा निराळी होती. मात्र हानी झाली ती आपली. आंदर मावळात राब भाजून भात लावणारा शेतकरीही पुढील वर्षाचे बी निवडून ठेवी. त्याच्याजवळ बसून बियाण्याचे शास्त्र सांगणारा असा एक मनुष्य आपल्यात जन्मला होता, आणि त्याच्या उमेदीची वर्षे परक्या भूमीस मिळाली. परसत्तेने आपले काय नेले याचा हिशेब मांडताना आपण सोने आणि कापूस मोजतो. त्या यादीत हद्दपार झालेले शिक्षकही मोजले पाहिजेत.