हलती तबकडी : पहिल्या पोर्टेबल सीडी प्लेअरचा श्रोत्यांना आलेला अनुभव

'पोर्टेबल' या एका शब्दात तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. वस्तू एका हाताने उचलून दुसरीकडे नेता येणे ही पहिली. भिंतीतल्या प्लगपासून सुटून ती सेलवर चालणे ही दुसरी. आणि आपण चालत असताना, गाडीत हेलकावे खात असताना तिने आपले काम बिनचूक करणे ही तिसरी. कॅसेटच्या वॉकमनने १९७९ साली या तिन्ही गोष्टी एकदमच दिल्या, त्यामुळे त्या वेगवेगळ्या आहेत हे फारसे कुणाच्या ध्यानात आले नाही. पाच वर्षांनी सीडीचा पहिला पोर्टेबल प्लेअर आला आणि त्या एकमेकींपासून सुट्या झाल्या. या प्लेअरवर कुणी खूश होते, कुणी वैतागलेले. दोघांचेही खरे होते. कोणता माणूस कोणत्या अर्थाने 'पोर्टेबल' म्हणत होता, एवढे पाहिले की कौतुक आणि तक्रार यांतला विरोध बराचसा मावळतो. म्हणून या विवेचनात तेच तीन अर्थ एकेक करून तपासतो.

सोनीचा घरगुती सीडी प्लेअर, सीडीपी-१०१, ऑक्टोबर १९८२मध्ये जपानात विक्रीला आला. किंमत १,६८,००० येन. ध्वनीची वाहवा झाली, पण एवढे पैसे मोजणारे थोडेच होते, आणि तबकड्याही अजून मोजक्याच निघत होत्या. अशा वेळी सोनीच्या ध्वनिविभागाचे प्रमुख कोझो ओसोने यांनी अभियंत्यांपुढे लाकडाचा एक ठोकळा ठेवला. बाजू सुमारे १३.४ सेंटिमीटर, जाडी सुमारे ४ सेंटिमीटर. सीडीच्या चार डब्या एकावर एक रचल्या की होते तेवढा. प्लेअर एवढाच झाला पाहिजे, आत काय बसवायचे ते तुम्ही पाहा, असा तो हुकूम होता. नोव्हेंबर १९८४मध्ये डी-५० हा प्लेअर ४९,८०० येनला बाजारात आला. किंमत पहिल्या प्लेअरच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी.

पहिल्या अर्थाने डी-५० पुरेपूर पोर्टेबल होता, आणि त्याचे खरे यश इथेच आहे असे माझे मत आहे. तो फिरायला नेण्यासाठी घेतला असे म्हणणाऱ्यांनीही तो बराचसा घरातच वाजवला. बैठकीच्या खोलीतल्या अॅम्प्लिफायरला एका तारेने जोडला की तो घरातला सीडी डेक होई. रात्री तोच उशाशी घेऊन हेडफोनवर ऐकता येई. सुट्टीत मित्राच्या घरी नेता येई. सीडी घरात शिरण्याचा सर्वांत स्वस्त दरवाजा म्हणून ज्यांनी त्याच्याकडे पाहिले, त्यांना त्याच्याविषयी तक्रार करायला फारसे कारणच नव्हते. टेबलावर तो स्थिर असे, वीज भिंतीतून मिळे आणि ऐकू येणारे गाणे घरच्या मोठ्या प्लेअरइतकेच निर्मळ असे.

दुसऱ्या अर्थाशी आले की गणित अवघड होते. डी-५०च्या पोटात सेल ठेवायला जागाच नव्हती. त्यासाठी खांद्याला अडकवायची वेगळी पेटी घ्यावी लागे आणि तिच्यात मध्यम जाडीचे सहा सेल भरावे लागत. प्लेअर ठोकळ्याएवढा खरा, पण पेटीसकट तो झोळी होई. इतकी वीज जाते कुठे? टेपमध्ये एक मोटर फीत ओढते आणि एक छोटे विद्युतमंडल आवाज वाढवते. सीडीत मोटर तबकडी फिरवते, लेसर सतत पेटता ठेवावा लागतो, भिंग जागेवर धरणाऱ्या गुंडाळ्यांतून अखंड प्रवाह खेळवावा लागतो, आणि शिवाय वाचलेल्या आकड्यांमधल्या चुका सुधारून त्यांचा ध्वनी करणाऱ्या चिप असतात. १९८४च्या चिप वीज सढळ हाताने खात.

सेल संपतानाची या दोन यंत्रांची तऱ्हा मला फार बोलकी वाटते. टेपचे सेल उतरू लागले की फीत मंदावते आणि सूरच खाली येतो. गायिकेचा आवाज जड होत जातो, तानपुऱ्याचा षड्ज घसरतो, आणि ऐकणाऱ्याला गाणे बंद पडण्याआधी दहा-पंधरा मिनिटे कळते की आता सेल बदलायला हवेत. सीडीचा सूर मात्र शेवटच्या क्षणापर्यंत उतरत नाही, कारण तिचा वेग स्फटिकाच्या ठोक्यावर बांधलेला असतो. ती सुरात असते आणि मग नसते. कॅसेटवर वाढलेल्या माणसाला हे तुटणे अन्यायाचे वाटे. यंत्राच्या दृष्टीने ते अटळ होते.

आता तिसरा अर्थ. इथे थोडे थांबून आत डोकावायला हवे.

सीडीवरचे संगीत एका चक्राकार वाटेवर, बारीक खड्ड्यांच्या रूपात कोरलेले असते. वाट आतून बाहेर जाते आणि तिचे दोन शेजारचे फेरे १.६ मायक्रॉन अंतरावर असतात. माणसाच्या एका केसाच्या जाडीत असे चाळीसेक फेरे मावतील. लेसरचा ठिपका यांपैकी नेमक्या एकावर धरायचा, आणि भिंगाचे तबकडीपासूनचे अंतर सुमारे दोन मायक्रॉनच्या आत सांभाळायचे. तबकडी मात्र अगदी सपाट नसते; फिरताना ती अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासही वरखाली होऊ शकते. म्हणून भिंग घट्ट बसवलेले नसते. ते नाजूक पट्ट्यांवर तरंगते आणि चुंबकातल्या गुंडाळ्या त्याला क्षणोक्षणी वर, खाली, डावीकडे, उजवीकडे ढकलत राहतात. परावर्तित प्रकाश सांगतो की आपण किती चुकलो, आणि गुंडाळी तेवढी चूक भरून काढते. टेबलावर हे काम न थकता तासन्‌तास चालते.

पण माणूस चालताना सेकंदाला साधारण दोन पावले टाकतो, आणि प्रत्येक टाचेबरोबर कमरेला धक्का बसतो. धक्का मंद असला तर भिंग सावरते. जोराचा असला तर ठिपका वाट सोडून शेजारच्या, कधी पंचविसाव्या फेऱ्यावर जाऊन पडतो. प्लेअरला हे कळते, कारण संगीताबरोबर तबकडीवर वेळही लिहिलेली असते. सेकंदाचे पंचाहत्तर भाग करून. तो चुकलेली जागा शोधून परत येतो. यात जो अर्धा-पाऊण सेकंद जातो तेवढे गाणे उडते, किंवा ठिपका मागे पडला तर तेच पुन्हा ऐकू येते.

मूळ अडचण ठिपका घसरण्यात नाही. वाचणे आणि ऐकणे यांच्यामध्ये काहीच नव्हते, ही मूळ अडचण. या घटकेला वाचले ते जवळजवळ याच घटकेला कानात. टेपचेही तसेच होते, पण टेपची चूक चढ-उताराची असते: धक्का बसला तर सूर थरथरतो, तुटत नाही. आकड्यांची चूक ही असण्याची किंवा नसण्याची. चूकदुरुस्तीची योजना जवळजवळ अडीच मिलिमीटर लांबीचा खंड पूर्णपणे भरून काढते, पण त्यापलीकडे गेले की तिच्याकडे भरायला काही उरत नाही.

हिंदुस्थानी संगीत ऐकणाऱ्याला याचा काच अधिक होता. द्रुत तीनताल मिनिटाला २४० मात्रांच्या लयीत चालला असेल, तर अर्ध्या सेकंदात दोन मात्रा जातात. गाणाऱ्याने तिहाई घेतली, तबल्याने तिला साथ दिली, आपण मनातल्या मनात समेवर पोचायला सरसावलो, आणि सम दोन मात्रा आधीच येऊन गेली. चित्रपटगीतात उडालेला शब्द ऐकणारा स्वतः भरून काढतो. गेलेली सम भरून काढता येत नाही, कारण तिचा सगळा अर्थ वेळेवर येण्यातच असतो.

गंमत अशी की हाच श्रोता सीडीचा सर्वांत ऋणीही होता. एलपीची एक बाजू वीस-बावीस मिनिटांची, साठ मिनिटांच्या कॅसेटची तिसांची. विलंबितातून द्रुताकडे जाताना तबकडी उलटायला उठणे, हा कित्येक वर्षे रागाचा भागच होऊन बसला होता. सीडीवर ७४ मिनिटे सलग. आलापातल्या विरामात टेपची सरसर नाही, तर तानपुरा, आणि तानपुऱ्याच्या मागे खोलीची शांतता. जुन्या टेपवरून काढलेल्या तबकड्यांत मूळची सरसर राहतेच, पण नव्या ध्वनिमुद्रणांत हा फरक पहिल्या मिनिटाला कळे. हे सारे हेडफोनमधून, कानाच्या अगदी आत. तेव्हा ज्याला सर्वाधिक मिळाले त्यालाच सर्वाधिक खटकले, यात विसंगती नाही.

माझा पहिला प्लेअर १९९६चा, आखातातून सुट्टीवर आलेल्या मामाने आणलेला, पुढचे गाणे आधीच साठवून ठेवणारी स्मृती नसलेला. पुणे–सातारा एसटीत मी तो आधी मांडीवर ठेवला. प्रत्येक खड्ड्याला गाणे उडे. मग घडी केलेल्या शालीवर ठेवून पाहिला. शाल मऊ असल्याने उलट तो जास्त वेळ डुलत राही. शेवटी सापडले ते असे: प्लेअर उताणा तळहातावर धरायचा, कोपर दांड्याला टेकवायचे नाही, मनगट सैल ठेवायचे. खांदा, कोपर आणि मनगट मिळून एक चांगली स्प्रिंग होते. गाडी उसळे, हात खाली-वर होई आणि तबकडी जवळजवळ जागच्या जागी राही. खंबाटकी घाटापर्यंत हात भरून येई, पण बंदिश पूर्ण होई. असे हात धरून बसलेले लोक मी पुढे लोकलमध्येही पाहिले आणि ते काय करत आहेत हे लगेच ओळखले. यंत्राने जे करायचे ते माणसाचे शरीर करत होते. ग्राहकाच्या अनुभवाची मोजदाद करताना ही मेहनत जमेस धरली जात नाही. मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते.

पावसाळ्यात आणखी एक अडचण. थंड गाडीतून दमट हवेत उतरले की भिंगावर बाष्प धरे आणि प्लेअर तबकडीच नाही असे सांगे. झाकण उघडे ठेवून थोडा वेळ थांबणे एवढाच उपाय. ओरखड्यांबद्दल मात्र लोकांची भीती चुकीच्या बाजूला होती. चमकत्या बाजूचे प्लॅस्टिक १.२ मिलिमीटर जाड असते आणि लेसर त्याच्या पलीकडे केंद्रित होतो, त्यामुळे पृष्ठावरची धूळ त्याला धूसर दिसते. अॅल्युमिनियमचा थर नाव छापलेल्या बाजूला, पातळ लाखेखाली असतो. तबकडी उलटी ठेवून 'चांगली बाजू' वाचवणारे खरे तर नाजूक बाजू टेबलावर घासत होते. पुसतानाही गोल फिरवून नव्हे, मध्यापासून काठाकडे पुसायचे. वाटेच्या दिशेने पडलेला ओरखडा लांब खंड पाडतो, आडवा पडलेला तुकड्यातुकड्यात निभतो.

धक्क्यावरचा उपाय नव्वदीच्या पूर्वार्धात आला, आणि तो भिंगात नव्हे तर वेळात सापडला. तबकडी नेहमीपेक्षा वेगाने फिरवायची, पुढचे संगीत आधीच वाचून चिपमध्ये साठवायचे, आणि कानाला त्या साठ्यातून द्यायचे. धक्क्याने वाचन थांबले तरी साठा संपेपर्यंत गाणे चालू. सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येकी १६ बिट, दोन बाजू. म्हणजे सेकंदाला १४,११,२०० बिट. त्या वेळची ४ मेगाबिटची चिप यात जेमतेम तीन सेकंद पुरते. खोक्यावर '१० सेकंद' छापायचे तर ध्वनी तिपटीहून अधिक आवळून साठवावा लागे. १६ मेगाबिटच्या चिपवर '४० सेकंद' लिहिण्याचेही गणित तेच. ही आवळणी तयार कान ओळखत: झांजेची किणकिण जराशी भुरकट, तबल्याच्या चाटीची धार बोथट. शिवाय दुप्पट वेगाची मोटर सेलही लवकर संपवी. ग्राहकाला धक्क्यापासून संरक्षण मिळाले ते निर्मळपणा आणि सेल या दोन्हींतून थोडे थोडे देऊन.

सोनीने नोव्हेंबर १९९२मध्ये आणलेल्या मिनिडिस्कमध्ये हा व्यवहार जन्मापासूनच मान्य केलेला होता. ६४ मिलिमीटरची तबकडी कवचात बंद, संगीत सुमारे पाचव्या हिश्शात आवळलेले, आणि स्मृती प्रत्येक यंत्रात. सीडीवर एमपी३ वाजवणारे प्लेअर २०००च्या आसपास आले तेव्हा तर वाचन आणि श्रवण यांची फारकतच झाली: १२८ किलोबिटच्या हिशोबाने ६५० मेगाबाइटच्या एका तबकडीवर अकरा तासांचे गाणे, आणि साठा भरला की तबकडी चक्क फिरायची थांबे. गाणे चालू, आत काही हलत नाही. डी-५०चा तिसरा अर्थ असा पंधरा-सोळा वर्षांनी हाती आला.

माझ्या दुसऱ्या प्लेअरला, १९९८च्या, कडेला एक बारीक खटका होता: स्मृती चालू किंवा बंद. घरी टेबलावर ठेवला की मी तो बंद करी, आणि तानपुरा पुन्हा आपल्या जागी येऊन बसे. स्वारगेटला गाडी सुटता सुटता अंगठ्याने चालू. कात्रजचा चढ सरळ जाई. शिरवळच्या पुढे, रस्ता उखडलेला असे तिथे, दहा सेकंदांत धक्के थांबले नाहीत की साठा आटे आणि गाणे उडे. मग मी प्लेअर मांडीवरून उचलून, जुन्या सवयीने, तळहातावर घेई.